जिथं टंचाई, तिथं जनावर

आधी मुरलीभाऊंचं नाव घेतो. पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावच्या सहकारी दूध सोसायटीचे ते सचिव. तीन महिने रोज संध्याकाळी त्यांनी सोसायटीच्या ओट्यावर माझ्या काकांच्या कानाला फोन धरला. काकांकडं फोन नव्हता आणि गावात रेंज तेवढ्या ओट्यावरच यायची. गेल्या महिन्यात मी अमेरिकेतल्या एका डोंगरातून बारा दिवसांनी खाली रस्त्याला आलो आणि आधी त्यांनाच फोन लावला. "काकाला द्या, लई मोठी बातमी हाय," म्हणालो. ते म्हणाले, "किसन, आधी खाली बस." काका जाऊन नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी दहावा. मी सातासमुद्रापलीकडं धुळीत बसलेलो.

वडील लवकर गेले, मला काकांनीच वाढवलं. घरी मेंढरं. मी सातवीत असताना दुष्काळ पडला, शाळा सुटली ती सुटलीच. काकांच्या मागं मेंढरं घेऊन माजलगावकडं, धरणाखालच्या उसाच्या पट्ट्यात गेलो. नव्या रानात शिरताना काका मूठभर माती सोडून वारं बघायचे. लांडगा कुठून येईल, हरणं कुठं बसली असतील, चालता चालता सांगायचे. पण मला त्यांनी त्या कामात राहू दिलं नाही. "मेंढरांमागं एक जण झिजला तेवढं बास," म्हणत चौसाळ्याच्या ढाब्यावर नेऊन उभं केलं. तिथं हाताला चव आली, त्या हातावरच इथवर पोचलो.

इथं मी शिकाऱ्यांच्या मुक्कामावर स्वयंपाक करतो. लोक परवाना काढून धनुष्यबाणानं हरीण मारायला येतात, रस्त्यापासून दोन दिवस आत, घोड्यांवर सामान लादून. हरीण थोराड, कान खेचरासारखे. बाण लागायचा तर चाळीस पावलांत जावं लागतं. यंदा वाट दाखवणारा एक माणूस कमी पडला आणि मी बोलण्याच्या भरात मालकाला सांगून बसलो की आमचं घराणं जनावरांमागं फिरणारं. तो म्हणाला, मग शिकारीला आलेला एक पाहुणा तू ने. हरणापाशी पोचवलास तर पुढच्या वर्षी काम. नाही तर नुसता स्वयंपाकी मला परवडत नाही. मला घास गोड लागेना. मी काकांना फोन लावला.

हंगामाला अजून तीन महिने होते, खाली रस्त्याला रेंज होती; मग रोजचंच झालं. मी मुरलीभाऊंच्या फोनवर डोंगराचे फोटो पाठवायचो.

"हे खेचर हाय का हरीण? एकदा ठरीव बे," काका म्हणायचे.

"हरीणच हाय काका. कान तेवढे तसले."

"मंग वारं तोंडावर घे. आन् आधी चार दिस फोडणी देऊ नको लेका. तुझ्याआधी तुझा लसूण पोचल तिथं!" मागं मुरलीभाऊ खो खो हसायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "पाणी कुठं हाय?"

त्या डोंगरात पाणी कुठं नव्हतं? दर घळीत झरा होता. पण गावात टँकर चौथ्या दिवशी येत होता, सोसायटीत दूध यायचं बंद झालं होतं… त्या माणसाला इथं एवढं पाणी आहे हे सांगायची मला लाज वाटली. वर एक तळं होतं, तेवढंच सांगितलं.

"मंग झालं की!" काका खूश झाले. "तळ्यावर दबा धरून बस. जिथं टंचाई, तिथं जनावर येणारच."

दुसरं काही सुचेना, म्हणून काकांचाच शब्द धरून सहा दिवस पाहुण्याला घेऊन तळ्यावर बसलो. एक हरीण फिरकलं नाही. कशाला फिरकेल? सातव्या दिवशी पाहुणा म्हणाला, आता उद्याचाच दिवस. मी फोन उंच धरून कड्यावर चढलो. रेंज नाही. काका, मी लपवलं, इथं पाण्याला तोटा न्हाई, आता सांगा कुठं बसू… असं मोठ्यानं बोललोसुद्धा. तेव्हा ते जाऊन सहा दिवस झाले होते, हे मला कुठं ठाऊक! उन्हानं डोकं तापलं आणि एकदम वाटलं, पाण्याची नसेल, पण इथं टंचाई कशाची? वरचा सगळा डोंगर उघडा, झाड म्हणून नाही. टंचाई सावलीची! अख्ख्या कड्याला दुपारची सावली एकाच खडकाखाली होती. दुसऱ्या दिवशी पाहुण्याला वळसा घालून वरून उतरवलं. हरीण तिथंच बसलेलं, कान हलवत. बाण लागला. माझं काम टिकलं.

काकांना धाप लागत होती, हे मला मुरलीभाऊंनी नंतर सांगितलं. बीडच्या डॉक्टरनं दवाखान्यात राहा म्हणून सांगितलं होतं. "पोराचं हरीण होऊ द्या, मंग बघू," म्हणत त्यांनी मुरलीभाऊंना शपथ घातली, मला कळू द्यायचं नाही. पोरगा तळ्यावर बसलाय, आता जनावर येणारच, या भरवशावर ते गेले. तो भरवसा मी दिलेला होता, अन् तो खोटा होता. हे कुणाला सांगू… म्हणून इथं लिहितोय.

परवा मुरलीभाऊंनी एक फोटो पाठवला. सोसायटीच्या दुधाच्या दराचा फळा. दूधच नव्हतं तेव्हा काकांनी त्यांच्याकडून त्यावर खडूनं माझा डोंगर काढून घेतला होता. वाऱ्याचे बाण, माझी वाट, आणि जिथं मी बसायचं तिथं एक फुली. "परतीचा पाऊस झाला, थोडंथोडं दूध यायलंय," मुरलीभाऊ म्हणाले. "पर फळा पुसायला हात धजत न्हाई. दर भिंतीवर कोळशानं लिहितूय. अध्यक्ष रोज बोलतेत."

मुरलीभाऊ, अध्यक्षांचं बोलणं थोडे दिवस सोसा. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, पण एक दिवस नवा फळा घेऊन मी गावात उतरीन, डोक्यावरून आणावा लागला तरी. माझ्या हातानं तो भिंतीला ठोकीन, आणि पहिला दर तुमच्या हातानं त्यावर पडेल. तोवर कोळशानंच लिहा.