सासूबाईंच्या मापाचा पट्टा

डाव्या भुवईवरचा व्रण नातवंडं बोटाने चाचपतात आणि विचारतात, "आजी, कोणी मारलं?" मी सांगते, तुझ्या आजोबांच्या पिकअपने. आजोबा पेपर वर करतात. पन्नास वर्षं झाली, पण माझा राग अजून गेलेला नाही.

इंग्लंडमध्ये, लेस्टरला आमची भाजीची डिलिव्हरी होती. त्यासाठी एक सेकंडहँड पिकअप घेतली आणि दर रविवारी सकाळी तिचे लाड सुरू झाले. टायरची हवा, रेडिएटरचं पाणी, ऑइलची डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून बघणं. हे गाडीखाली, आणि मी ओल्या फरशीवर उकिडवी बसून मागतील तो पाना हातात देणार. मला सर्दी झाली तर "आल्याचा चहा घे." गाडी खोकली तर मात्र जेवण बंद!

त्या काळचे सीटबेल्ट आपोआप आवळत नसत. बकल सरकवून ज्याचं त्याने माप करून घ्यायचं. सासूबाई डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नऊवारी, त्यावर दोन स्वेटर, त्यावर ह्यांचा ओव्हरकोट, असं सगळं मावेल एवढा त्यांचा पट्टा. त्या परत गेल्या आणि त्यांच्या जागेवर मी बसले. बकलला हात लावला मात्र, हे म्हणाले, "राहू दे गं. आईचं माप आहे. उन्हाळ्यात येईलच परत."

आणि मी राहू दिलं! गणित घेऊन बी.एस्सी. झालेली बाई मी. मोठ्यांच्या वस्तूला हात लावू नये, एवढंच त्या पदवीतून शिल्लक राहिलं होतं. तो पट्टा गळ्यात हारासारखा लोंबायचा, आणि मी सत्काराला बसल्यासारखी ऐटीत बसायचे. बावळट कुठली.

एका शनिवारी रस्ता ओला होता. गल्लीतून दूधवाल्याची गाडी अचानक पुढे आली. ह्यांनी ब्रेक दाबला. आदल्याच रविवारी ब्रेक शूज नवे घातले होते, त्यामुळे पिकअप जागच्या जागी थांबली. मी नाही थांबले. कपाळ थेट काचेवर. मांडीवर रक्त, मागे भेंडीच्या पेट्या कोसळलेल्या, आणि ह्यांचे पहिले शब्द, "बघितलंस, ब्रेक कसले लागले!"

हॉस्पिटलमध्ये टाके घालताना डॉक्टरने विचारलं, "बेल्ट लावला होता?"

"हो," मी अभिमानाने म्हटलं.

त्याने ह्यांच्याकडे वळून विचारलं, "मग हिचं कपाळ काचेपर्यंत पोचलं कसं?"

गाडीतला एकूण एक नट ह्यांनी तपासला होता. शेजारी बसलेल्या बायकोला पट्टा बसतो का, हे तपासायचं यादीतच नव्हतं. आणि त्या बायकोला तोंड असून ती पाने पुसत बसली होती.

घरी आल्यावर डोक्याला बँडेज तसंच ठेवून मी गाडीत जाऊन बसले आणि पट्टा माझ्या अंगाबरोबर ओढून घेतला. हे दारातून म्हणाले, "अगं, पण आई आल्यावर..."

"आई आल्या की आई बघतील. तुम्ही टायर बघा."

उन्हाळ्यात सासूबाई आल्या. पिकअपमध्ये चढल्या, तर पट्टा पोटापर्यंतही येईना. मी मनात भांडणाची वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात त्यांनी माझी भुवई बघितली, आणि ह्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"माझं माप?" त्या कडाडल्या. "अरे, मला टोचत होता म्हणून मीच सैल करवून घेतला होता! आणि तू गं? शिकलेली ना तू? हात मोडले होते का तुझे?"

त्या जे बोलल्या ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. मी बकल सरकवून पट्टा आधी त्यांना बसेल एवढा मोठा केला, मग आवळला. चांगलाच आवळला.

"अगं, श्वास तरी घेऊ दे!"

"घ्या ना आई," मी म्हटलं, "पण मापात."