दोघांसाठी लिहिलेली चिठ्ठी

नांदेडहून लातूरला मोटारीनं जाता येतं का, असं शाळेतले सहकारी मला हल्ली विचारतात. येतं. मी नुकताच जाऊन आलो, तेही शर्यतीच्या मोटारीतून. फक्त पेट्रोल डब्यातून ओतताना फडक्यातून गाळून घ्या, कारण दुकानदार त्यात काय मिसळतो ते त्यालाच ठाऊक.

शर्यत तीन मोटारींची होती. दोन आमच्या जिनिंगवाल्या शेठजींच्या आणि एक लातूरच्या व्यापाऱ्याची. एकाची धूळ दुसऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून दहा-दहा मिनिटांनी सुटायचं. ज्याला कमी वेळ लागेल तो पहिला. वेळ टिपायला प्रत्येक गाडीत एक लिहिता-वाचता माणूस हवा होता, म्हणून दुसऱ्या गाडीत माझी वर्णी लागली. तिचा चालक रघू. पहिल्या गाडीवर दिनकर, शेठजींच्या साडूचा मुलगा. दोघांपैकी जो जिंकेल त्याला शेठजींची नवी नांदेड-लातूर प्रवासी मोटार मिळणार होती आणि दुसरा सरकीच्या लॉरीवरच राहणार होता. रघूच्या बायकोनं नव्या नोकरीसाठी खाकी कोट शिवून ठेवला होता. तो घडी करून सीटखाली ठेवलेला मी पाहिला.

गोदावरीच्या पलीकडच्या तीरावरून उजाडताना गाड्या सुटल्या: आधी लातूरवाल्याची, मग दिनकरची, शेवटी आमची. सुटण्यापूर्वी रघू आणि दिनकर बाभळीखाली डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलत होते. मी मुळात संशयी माणूस. दूधवाल्याचं दूधही मी घरच्या मापानं मोजून घेतो. मला वाटलं, यांचं आधीच संगनमत झालंय, रघूनं दोन पैसे घेऊन हरायचं कबूल केलंय.

"काय बोलत होतास रे?" मी विचारलं.

"त्याच्या गाडीचा ब्रेक ढिला हाय, मास्तर. उतारावर जपून जा म्हनलं."

मला पटलं नाही. वाटेत तो रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबला, तेव्हाही मी घड्याळ काढून उभा राहिलो. लोह्यापर्यंत रस्ता मुरमाचा, बरा आहे. पुढं काळ्या मातीत चाकोऱ्या इतक्या खोल आहेत की कंबरेला उपरणं घट्ट बांधून बसावं. कंधारच्या अलीकडे लातूरवाल्याची मोटार आस मोडून रस्त्याकडेला बसली होती. म्हणजे आता शर्यत घरातल्या घरात उरली.

कंधारला निजाम सरकारच्या नाक्याशी शेठजींचे मुनीम उभे होते. त्यांनी वेळ बघितली आणि म्हणाले, "दिनकरपेक्षा चार मिनिटं कमी लागली तुम्हाला." रघूचं तोंड फुललं. मग मुनीमांनी माझ्या हातात शेठजींच्या सहीची चिठ्ठी दिली. रघूला वाचता येत नाही. मी मोठ्यानं वाचली: 'लातूरची गाडी मोडली. आता दोघांनी गाड्या जपून, सावकाश आणाव्या. इंजिन तापवू नये.'

"दिन्यालाबी दिली का चिठ्ठी?" रघूनं विचारलं.

"अरे, 'दोघांनी' असं लिहिलंय."

"लिव्हलंय, पर दिली का?"

"मालकाच्या सहीचा कागद आहे, रघू!" मी वर्गात दटावतो तसं दटावलं. मुनीम तोवर सावलीत जाऊन पान जमवत बसले होते. मी त्यांना विचारायला गेलो नाही. माणसांवर मी संशय घेतो. कागदावर कधी घेतला नव्हता.

पुढचा प्रवास आरामात झाला, हे सांगायला लाज वाटते. अहमदपूरच्या पुढं रघूनं दोनदा वेग वाढवला आणि दोन्ही वेळा मी त्याला चिठ्ठीची आठवण दिली. चाकूरला एका खानावळीत गरम भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी मिळते, चार आणे हाली, म्हणजे निजामी नाण्यात. मी पोटभर जेवलो. रघूनं नुसतं ताक घेतलं आणि तो रस्त्याकडे बघत उभा राहिला.

लातूरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, पोहोचलो तेव्हा दिनकरच्या गळ्यात हार होता. आम्ही सहा मिनिटांनी हरलो होतो.

"तूही सावकाशच आलास ना?" मी त्याला विचारलं. "शेठजींची चिठ्ठी..."

"कसली चिठ्ठी? मुनीमजी म्हनले, जीव खाऊन दाब, न्हाईतर रघू गाठंल." एवढं बोलून दिनकरचा चेहरा उतरला. त्यानं हार काढला. "रघ्या, आईशप्पथ, मला ठावं न्हवतं."

 बॉनेट उघडून रघू तापलेल्या इंजिनाकडे बघत राहिला. खरं म्हणजे ते तापलंच नव्हतं.

शेठजी मुनीमांजवळ सही केलेला कोरा कागद ठेवून रेल्वेनं आधीच लातूरला येऊन बसले होते. मी चिठ्ठी त्यांच्यापुढं धरली. ते हसले. "मास्तर, दोन्ही गाड्या माझ्या. पहिली आली तीही माझीच. तुमचं काय बिघडलं?"

माझं खरंच काही बिघडलं नव्हतं. म्हणूनच मला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त माझा.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं परतलो. कुणाला जायचं असेल तर रस्ता सुकल्यावर जावं आणि चाकूरला जेवावं.  रघूनं मला दारात उतरवलं तेव्हा मी म्हणालो, "रघू, चुकलं माझं." तो म्हणाला, "तुमी वाचलं ते बरुबरच व्हतं, मास्तर."

नवी प्रवासी मोटार दिनकर चालवतो. रघू लॉरीवर भोकरला सरकी नेतो आणि तो खाकी कोट पोत्यांच्या धुळीत घालतो. दर रविवारी सकाळी तो पाटी घेऊन माझ्या ओसरीवर येतो. काल त्यानं खिशातून ती चिठ्ठी काढली, कधी मागून नेली होती ते मी विसरलोही होतो. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यानं वाचलं, "दो... घां... नी." मग त्यानं बोट तिथंच ठेवून माझ्याकडे पाहिलं. खाली मान मला घालावी लागली.