न वाचता केलेली सही

जिते स्टेशनात आई माझी बॅग हातातून सोडेना. कर्नाटकातल्या तिबेटी वस्तीत राहून तिथल्या बायकांवर पीएचडी करायला मी निघाले होते. "आपल्या गावात बाया नाय का गो?" म्हणाली. तेव्हा मला हसू आलं होतं.

त्याच सकाळी पेणला जाऊन मी हक्कसोड करून आले होते. आमच्याकडे बाप गेला की बहिणी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडतात. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं. दादा म्हणाला, "मिठागराचं हाय फक्त, कर सही." गाडी चुकेल या घाईत मी पान उलटूनसुद्धा बघितलं नाही. शिकलेली गाढव, दुसरं काय.

वस्तीत पेमा भेटली. थंडीत गावोगाव स्वेटर विकणारी, चाळिशीची बाई. जन्म इथला, तरी कागदावर परदेशी. मुलाखतीआधी माझं संमतीपत्र तिनं ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचून घेतलं. "न वाचता सही करायला स्वतःचा देश लागतो," म्हणाली. ते वाक्य मी प्रबंधात घातलं, सेमिनारात वाचून वाहवाही मिळवली.

मग कळलं, माझ्या त्या कागदात राहतं घरही होतं. दादानं ते विकलं, वरसे गावात फ्लॅट घेतला आणि आईला तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. घराच्या जागी आता गोडाऊन आहे. मी फोनवर भांडले, रडले. तो म्हणाला, "तू कुठं इथं राहायला येणार होतीस?" खोटं नव्हतं ते, म्हणून तर जास्त झोंबलं.

पेमाची आई मरेपर्यंत परत जायचं म्हणत होती. तिच्या वाटेत सरहद्द होती, सैन्य होतं. माझ्या आईच्या वाटेत माझी सही आहे.

बाहेर पडलेल्या पोरींनो, घर मनात असतं वगैरे मला सांगू नका. तसलं लिहून मीही मार्क मिळवलेत.

आई रोज फोनवर विचारायची, "घरी कवा नेतेस?" दिवाळीत गेले तेव्हा तिनं ते विचारलं नाही. म्हणाली, "त्या कागदावर माझा तर अंगठा होता गो. तू वाचलं असशील ना?"

व्हय म्हणावं तर घर मी जाणूनबुजून दिलं. नाय म्हणावं तर तिनं मला शिकवलं ते फुकट. मी बॅगेतून फराळाचा डबा काढायला लागले आणि तिला कळायचं ते कळलं.

आता घर कुठलं असं कुणी विचारलं की आईचं "तू वाचलं असशील ना?" हेच ऐकू येतं.