तांबू ड्रॅगन आणि डिंभ्याची गाडी

ज्याला एस.टी. वेळेवर मिळते त्याच्याकडे सांगायला काय असणार, सांगा! नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी डिंभ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं घोडेगावला परतायचो. गाडी कधी वेळेवर, कधी दिवेलागणीला, कधी नाहीच. त्यामुळे किस्से असे साठलेत की एक काढायला जावं तर चार बाहेर येतात.

वाट बघताना मी शेवंताबाईंच्या चहाच्या टपरीवर पुस्तक उघडून बसायचो. धाकट्या भावानं पुण्याच्या जुन्या बाजारातून घेऊन पाठवलेली, ड्रॅगनची इंग्रजी मालिका. भयानक प्रकार! राजाची माणसं ड्रॅगनना हुडकून मारतात, गुहा जाळतात, डोंगरातून हाकलून देतात. एकदा बाई म्हणाल्या, "सर, एकटंच काय वाचताय? आमाला बी सांगा की!" झालं! त्या दिवसापासून मी रोज मराठीतून सांगायला लागलो.

ऐकायला धोंडूआबा असायचेच. त्यांचं गाव धरणात गेलेलं, नवं घर मिळालं ते पार खाली, कालव्याकडे. तरी रोज दुपारच्या गाडीनं डिंभ्याला यायचे आणि धरणाच्या भिंतीपाशी पाण्यापलीकडच्या आपल्या गावच्या डोंगराकडे बघत उभे राहायचे. दुपारची गाडी उशिरा आली की तेवढाही वेळ मिळायचा नाही. संध्याकाळी आमच्याच गाडीनं परत.

गोष्टीतल्या मुख्य ड्रॅगन मादीचं नाव आबांच्या जिभेवर काही बसेना. रंग तांब्यासारखा, म्हणून त्यांनी तिला 'तांबू' करून टाकलं. पहिल्याच दिवशी मला बजावलं, "सर, बाकी कोन बी मरंना. तांबू तिच्या डोंगराला परत जाती का, तेवढं मला पायजे!"

*

भावानं दुसरा भाग आधी पाठवला. त्यात तांबूचं पिल्लू मेलं. टपरीवर अख्खी संध्याकाळ शोककळा! मग पहिला भाग आला, तर त्यात तेच पिल्लू अंड्यातून बाहेर!

पुढं ते लोकांच्या मेंढ्या फस्त करायला लागलं. मला वाटलं, आता बाई भडकणार, त्यांच्या स्वतःच्या शेळ्या होत्या. पण बाईंनी डोळ्याला पदर लावला.

"खाऊ द्या वो पोटभर. पुढं मरायचंय त्याला!"

*

दुपारी आणि संध्याकाळी कंडक्टर एकच, निवृत्तीभाऊ. ड्रायव्हर चहा घेई तोवर भाऊही बाकड्यावर टेकायचे. राजाची फौज ड्रॅगनपुढं हरली तेव्हा ते वैतागले.

"एवढी फौज कशाला राव? आपल्याकडं बिबट्याला लावत्यात तसा पिंजरा लावायचा. आत शेळी बांधायची. इषय संपला!"

मी म्हटलं, "भाऊ, ड्रॅगन देवळाएवढा असतो!"

भाऊंनी मान हलवली. खोल विचार केला.

"मग म्हैस बांधायची."

*

राजाच्या शिपायांनी तांबूला पकडलं आणि उडून परत येऊ नये म्हणून तिचे पंख छाटले. आबा तर उठून लांब जाऊन उभे राहिले. भाऊ मात्र म्हणाले, "शिपायांचा काय दोष? वरनं आर्डर आली की करावं लागतं."

शेवंताबाईंनी त्यांच्या हातातला अर्धा कप काढून घेतला.

"अवो, चहा!"

"न्हाई मिळनार. वरनं आर्डर हाय!"

*

कधी कधी कथा गाडीतही चालायची. एकदा घोडेगावचा स्टँड आला आणि नेमकी तांबू जळत्या गुहेत अडकलेली. मी पुस्तक मिटलं. निवृत्तीभाऊ दारात आडवे!

"ती भाईर पडूस्तोवर कुनी उतरायचं न्हाई!"

मागून एक पाहुणा ओरडला, "अवो, माझी मंचरची गाडी चुकंल!"

"पावणं, मंचरला दुसरी गाडी येईल. तांबू दुसरी येनार हाय का?"

पाहुणा मुकाट्यानं खाली बसला. वर मलाच म्हणाला, "वाचा लवकर!"

*

शेवटचा भाग आला तो मी आधी घरी वाचून काढला. आबांना काय सांगावं लागेल याची धास्ती होती. पण शेवट गोड निघाला आणि मला खरंच भरून आलं. दुष्ट राजा मरतो. नवी राणी ड्रॅगनांची माफी मागते आणि त्यांना समुद्रापलीकडे एक बेट देते. हिरवीगार कुरणं, झरे, शिकारी एकही नाही!

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी ते अगदी रंगवून सांगितलं. शेवंताबाईंनी खूश होऊन सगळ्यांना चहा दिला, निवृत्तीभाऊंनासुद्धा!

आबा कप नुसता धरून बसले होते.

"म्हंजे डोंगराला न्हाई गेली."

"आबा, तिला नवी जागा मिळाली ना! किती छान आहे!"

"आसंल छान. तिथनं तिचा डोंगर दिसतो का?"

मी पानं मागंपुढं केली. "तसं काही लिहिलेलं नाही."

"आन् पंख तर छाटल्यात." आबांनी जरा विचार केला. "मग तिकडनं डोंगराकडं येस्टी हाय का?"

टपरीवर असा हशा पिकला की शेवंताबाईंना ठसका लागला. मीही पोट धरून हसलो.

निवृत्तीभाऊ तेवढे हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, आबांची पिशवी उचलून स्वतः गाडीत नेऊन ठेवली आणि परत येऊन म्हणाले,

"आबा, उद्यापास्नं दुपारची गाडी टायमात आनतो."