नऊ गाण्यांवर अडलेला अल्बम

"अहो, हे पत्र मीच लिहिलंय आणि मीच वाचून दाखवतेय, कारण अक्षरं आता तुम्हाला लागत नाहीत. डोळे मिटू नका. कामाचं आहे."

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या घरात वृंदाने कागद झटकला. समोर चाकांच्या खुर्चीत तिचे यजमान, श्यामकांत. तीस वर्षं यंत्रं जुळवली आणि निवृत्त झाल्यावर गिटार घेऊन इंग्लंड-स्कॉटलंडची जुनी कथागीतं गायला लागले. बुडालेले खलाशी, फसवलेल्या मुली, वीस-वीस कडवी. "आपला पोवाडाच गं, फक्त डफ नाही," म्हणायचे.

अल्बम दहा गाण्यांचा ठरला होता. घशासाठी पुण्याहून आलेला ज्येष्ठमध चघळायचे. तो संपल्यावर सुपरमार्केटातलं ड्रॉप, म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या डच गोळ्या. "तीच मुळी, डच झालेली!" रोज एक पिशवी. पिशव्या वृंदाच आणायची. त्या मुळीने रक्तदाब चढतो, हे दोघांनाही डॉक्टरांनी सांगितलं ते मेंदूत रक्तस्राव झाल्यावर. नऊ गाणी झाली होती. उजवा हात गेला, शब्द गेले. उरला एकच.

"स्टुडिओवाला विचारतोय," वृंदा पुढे वाचू लागली, "नऊच गाणी काढू का? संमतीचा फॉर्म पाठवलाय. अपुरा अल्बम काढणार नाही म्हणायचात, पण तेव्हा तुम्हाला गाता येत होतं. आता सांगा. काढायचा?"

"नाही."

"म्हणजे नको?"

"नाही!"

"मघाशी चहालाही नाहीच म्हणालात, आणि कप रिकामा केलात. मी काय समजू?"

त्यांनी डावा हात गिटारकडे केला. वृंदाने चिडूनच ती त्यांच्या मांडीवर ठेवली. डाव्या हाताची बोटं आपोआप जागेवर बसली. तारा तिने छेडल्या, वेड्यावाकड्या. आणि श्यामकांत गायला लागले. दहावं गाणं, चाल अगदी बिनचूक, एकही वळण चुकलं नाही. शब्द तेवढा एकच, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत: नाही, नाही, नाही.

"हे रेकॉर्ड करायचं म्हणताय, की सगळंच राहू दे म्हणताय?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यावरूनही काही कळेना.

वृंदाने फॉर्मवर त्यांचं नाव लिहिलं. हो-नकोच्या चौकटी कोऱ्या सोडल्या. स्टुडिओ सायकलने दहा मिनिटांवर. फॉर्म फेब्रुवारीत नेऊन द्यायचा होता. सप्टेंबर लागला, ती अजून गेलेली नाही.