जीपची पोटफुगी

स्वतःच्या लग्नाला स्वतः गाडी हाकत गेलेला नवरा पोलादपूरच्या डोंगरात माझ्याआधी झाला नाही, पुढेही होणार नाही. नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा वऱ्हाडी, टपावर बोचकी, आणि मुंडावळ्या बांधून स्टेअरिंगवर मी. रेडिएटरचा फुटका पाइप आदल्याच दिवशी मी बदलला होता. भर अंगणात, सगळ्या वाडीसमोर, मिस्त्रीला न बोलावता. काठोकाठ पाणी भरलं, टोपण लावलं, मिशीला पीळ दिला.

महाड सोडून वरंधच्या रस्त्याला लागलो आणि काटा लाल रेघेवर. वाफ अशी की घाटात धुकं पडलं म्हणून समोरच्या एसटीनं दिवे लावले! थांबलो. मुहूर्त साडेबाराचा, वाजले होते साडेदहा. सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, आजचा टळला तर पुढचा मुहूर्त महिन्यानं हाय."

महिना! तेवढ्यात मी म्हातारा झालो असतो.

इंजिन गार होऊ दिलं, टोपण काढलं. पाणी काठोकाठच. निघालो, तर काटा पुन्हा लाल. पाणी हाय, गळती नाय, मग तापतंय काय?

तेव्हा माझी काकी खाली उतरली. जन्म गुरांमागे गेलेला. गाडीचं तिला एवढंच ठाऊक, की दार जोरात आपटायचं. आतली गुडगुड तिनं कान देऊन ऐकली.

"फुगी झालीय रे हिला. पोटात वारा कोंडलाय."

"काकी, जीप हाय ती, बैल नाय."

"फुगलेल्या बैलाचं तोंड कुठं करतोस?"

"चढाला."

"मग काल पाणी भरताना हिचं खाली कशाला केलंस, शहाण्या? वारा वर जाणार कसा?"

माझी मिशी उतरली. अंगणात गाडी उतरत्या तोंडानं उभी करून पाणी भरलं होतं मी!

सतरा वऱ्हाड्यांनी ढकलून जीपची पुढची चाकं रस्त्याकडेच्या एका शाळेच्या उभ्या चढावर घेतली. गार झाल्यावर टोपण काढलं, इंजिन चालू केलं, हीटर पुरता सोडला. काकी तांब्यानं हळूहळू पाणी ओतू लागली, मी पाइप दाबू लागलो. बुडबुडे, बुडबुडे, आणि मग जीपनं अशी ढेकर दिली की भोरपर्यंतचे कावळे उडाले. वर चार तांबे पाणी प्याली.

"झाली मोकळी," काकी म्हणाली, आणि दार आपटून आत बसली.

साडेबाराला पाच कमी असताना मांडवात शिरलो. अंतरपाट सरला. नवरीनं हार घालण्याआधी माझे काळे हात पाहिले.

"काय झालं होतं गाडीला?"

"पोटफुगी."

ती एवढी हसली की भटजी मंत्र विसरले.

आता अख्ख्या तालुक्यात पाइप बदलला की गाडी चढाला लावून पाणी भरतात. शोध माझा, असं मी सगळीकडे सांगतो. फक्त काकी समोर असली की सांगत नाही; तेव्हा तीच सांगते, आणि मी मान डोलावतो.