सतरा वर्षांनी धरलेलं सुतक

आजी गेल्याचं माझ्या काकाला सतरा वर्षांनी कळलं.

माझ्या तोंडून. चहा पिता पिता.

नंदूकाका, माझ्या बाबांचा धाकटा भाऊ, गेल्या गुरुवारी गेला. आज त्याला निरोप देऊन इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला घरी आलेय आणि अंगावरचा कोटही न काढता लिहायला बसलेय.

बाबांना विचारूनच लिहितेय. "सगळं लिही. माझंसुद्धा," म्हणालेत. तेव्हा नातेवाईकांनो, प्लीज, मला फोन करून शहाणपण शिकवू नका.

काका झिंडेलफिंगेनला इंजिनियर म्हणून आला होता. मग आल्गॉयमधल्या एका छोट्या गावातल्या रेनाटेशी लग्न केलं आणि चांगली नोकरी सोडून सासऱ्यांचा गोठा सांभाळायला लागला. साठ गाई!

आमच्या घरात त्याचं नाव काढायचं नाही.

"आई गेली तेव्हा कळवलं होतं त्याला. गाई सोडून येता येत नाही म्हणाला."
बाबा एवढंच सांगायचे. पुढे विचारायची कोणाची टाप नव्हती.

सात वर्षांपूर्वी पुण्यात बाबांचं कपाट आवरताना मला एक न फोडलेलं पाकीट सापडलं. आजीच्या नावाचं. मागे काकाचा पत्ता. माझ्या इथल्या घरापासून गाडीने अडीच तास.

गेले. भांडायलाच गेले होते, खरं सांगते.

दार उघडलं ते गमबूट घातलेल्या, हुबेहूब बाबांचं नाक असलेल्या माणसाने. मी कोण ते सांगितलं. त्याने आत बसवलं, आलं घालून चहा केला आणि पहिला प्रश्न विचारला,
"आई कशी आहे गं? ब्याण्णवची असेल ना आता?"

मला वाटलं, नाटक करतोय.

"काका, आजी जाऊन सतरा वर्षं झाली. बाबांनी कळवलं होतं ना तुम्हाला?"

त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं की कोणी काही कळवलं नव्हतं.

तिथूनच बाबांना फोन लावला. "बाबा, खरं सांगा."

बाबा म्हणाले, "नाही कळवलं. आई आजारी असताना दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा त्याने गाईंचं कारण दिलं. माझं डोकं फिरलं. आईलाच तुझं तोंड बघायचं नाही, असं सांगून टाकलं त्याला."

आजी शेवटपर्यंत नंदू नंदू करत होती. मी शाळेत होते तेव्हा, पण मला आठवतंय.

आईनेच नको म्हटल्यावर हा कुठल्या तोंडाने येणार? तरी दर दिवाळीला तिला पत्र टाकायचा. मूर्ख, मूर्ख माणसं! दोघंही!

त्या संध्याकाळी काका रेनाटेकाकूला म्हणाला, "मी आजपासून दहा दिवस सुतक पाळणार. आई-बापाचं सुतक कधीही कळलं तरी दहा दिवस. आमचे वडील, अण्णा, सांगायचे."

काकूने सगळं ऐकून घेतलं. "आल्झो... बरं, आणि गाई?"

"गाईंना कुठलं आलंय सुतक! दूध काढणार."

दहा दिवस तो जमिनीवर झोपला, दाढी केली नाही, गोडाला शिवला नाही. आणि दोन्ही वेळा धारा काढल्या.

मी हट्टाला पेटले. बाबांचा व्हिसा काढला, तिकीट काढलं, गाडीत घातलं आणि थेट गोठ्यासमोर उतरवलं. म्हटलं, आता बोला, मी मध्ये पडणार नाही.

बाबा रिटायर्ड बँकवाले, इस्त्रीचा शर्ट, शेणाच्या वासाने नाकाला रुमाल. काका समोर.

"दादा, मी तुला माफ केलेलं नाही. पण पहाटे पाचला धारा काढायच्यात. बुटाचा नंबर किती तुझा?"

बाबा पाचला उठले. त्या दिवशी, आणि मग दर वर्षी तीन महिने. गाईने लाथ मारली, पाय मोडता मोडता वाचला, तरी गेले. आईने "इथे कधी चहाचा कप नाही उचलला" म्हणून टोमणे मारले, तरी गेले.

माफी कधी मिळाली ते मला माहीत आहे. तिसऱ्या वर्षी, कुरणाच्या कुंपणाशी तार ओढताना काकाने विचारलं, "आई गेली तेव्हा जवळ कोण होतं?"

"मी."

"बरं झालं. एकटी नव्हती."

एवढंच. दोघांनी उरलेली तार ओढली.

आणि गेल्या गुरुवारी सकाळी काका गोठ्यातच कोसळला.

बाबांची त्याच आठवड्यात पुण्यात बायपास झालेली. फॅमिली ग्रुपवर लगेच सुरू झालं. सुधाआत्या म्हणाली, "दादाला आत्ता सांगायचं नाही. झेपायचं नाही त्याला. महिनाभराने बघू."

सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले.

मी लिहिलं, "नाही. आजच सांगणार."

काय काय ऐकून घेतलं म्हणून सांगू! बापाच्या जिवावर उठलीस इथपर्यंत. बाबांना काही झालं असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं. पण या घरात हे दुसऱ्यांदा होऊ देणार नव्हते.

डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, "सांगा, मी शेजारी उभा राहतो." आईने व्हिडिओ कॉल लावून फोन धरला.

"बाबा, नंदूकाका गेला. आज सकाळी."

मॉनिटरचा आवाज वाढला. डॉक्टरांनी हात धरला. बाबांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी. आई सारखी म्हणत होती, "अहो, रडू नका, टाके दुखतील."

तेव्हा बाबा म्हणाले,

"रडू दे गं मला. आजच रडू दे. नंदूला मी एवढंही करू दिलं नव्हतं."

काका, तुझ्या दादाला त्याच दिवशी कळवलं. कोणाचं ऐकलं नाही.

जा आता निवांत.